ओगराळ्याची कड

थॉमसिना बीझलीने पाणी पिण्याआधी ओगराळ्याची कड रुमालाने पुसली, आणि व्हर्डेल हायटॉवरच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

कुणी म्हणेल, पुसली तर पुसली, सर्दी-पडशाचे दिवस आहेत. पण ते ओगराळं साधं नव्हतं. वाळलेल्या तुंब्याचं, लांब मानेचं ते ओगराळं अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अल्बनी गावच्या भगिनी मंडळात दर सेवेच्या शनिवारी काम सुरू करण्याआधी हातोहात फिरायचं. एकीने घोट घ्यायचा आणि पुढचीच्या हातात द्यायचं. कड कुणी पुसायची नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, तरी तो मोडलेला आजवर कुणी पाहिला नव्हता. त्या दिवशी चर्चच्या तळघरात रक्तदाबाची यंत्रं मांडून झाली होती, मोरपंखी स्कार्फ बांधलेल्या बायका गोल करून उभ्या होत्या, आणि या नव्या बाईने पर्समधून इस्त्रीचा रुमाल काढून कड अशी पुसली, जणू हॉटेलातला चमचा.

मंडळ जुनं. काळ्या मुली कॉलेजात असतानाच त्यात यायच्या, आणि एकदा आत आलेली मरेपर्यंत भगिनी. गोऱ्यांची इस्पितळं काळ्या माणसाला दारात उभं करत नव्हती, त्या काळात मंडळाच्या नर्सा आणि मास्तरणी स्वतःच्या गाड्यांत लसी भरून कापसाच्या मळ्यांवर जायच्या. मळ्याचा मालक बसायला जागा देत नसे, म्हणून गाडीच्या बॉनेटवर चादर अंथरून पोरांना टोचायच्या. अशाच एका फेरीत वाटेतल्या दुकानदाराने त्यांना नळाला हात लावू दिला नाही. तेव्हा वाट्याने शेती करणाऱ्या एका बाईने आपल्या घरच्या तुंब्याच्या ओगराळ्यातून त्यांना पाणी पाजलं, आणि त्या शिकल्यासवरल्या बायका कड न पुसता प्यायल्या. त्याची आठवण म्हणून अलाबामातल्या ब्लँटन कॉलेजच्या शाखेत ओगराळं फिरायचं. तिथून ही रीत ओझेला रेनीने अल्बनीत आणली. हे सगळ्यांना तोंडपाठ होतं, कारण नव्या मुलींना इतिहास शिकवायचं काम इतकी वर्षं ओझेलाकडेच होतं.

आणि ही थॉमसिना बीझली स्वतःला ब्लँटनचीच म्हणवत होती.

ब्लँटनची बाई आणि ब्लँटनचीच रीत ठाऊक नाही? व्हर्डेलने आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं होतं. पोराच्या बाहीत दडवलेली चिठ्ठी तिला वर्गाच्या दारातून दिसायची. शिवाय मंडळाचे रंग अंगावर घालून मिरवणाऱ्या तोतया बायका काही नवलाच्या नव्हत्या. कुणाला मान हवा असतो, कुणाला ओळखी. ब्लँटन कॉलेज तर केव्हाच बंद पडलेलं, कागदपत्रांचा पत्ता नाही. तोतयाला याहून सोयीचं माहेर कुठे मिळणार?

त्या सकाळी व्हर्डेलचं लक्ष कामात नव्हतं. चर्चचे म्हातारे सेवक डीकन क्लोव्हिस दंडाला पट्टा बांधून बसले होते.

"मिस व्हर्डेल, किती आलं?"

"वाढलंय. मीठ कमी करा."

"मिठाने नाही वाढलं. तुमचं तोंड बघून वाढलंय. कुणावर डोळे वटारताय मघापासून?"

"तुमच्यावर. हात सरळ ठेवा."

काम आटोपल्यावर पाउंड केक आणि गोड चहा आला. व्हर्डेल ताटली घेऊन थॉमसिनाच्या शेजारी जाऊन बसली. थॉमसिना उंच, सावकाश बोलणारी, ग्रंथपालाची नोकरी करून निवृत्त झालेली. नवरा वारल्यावर मुलीजवळ राहायला अल्बनीत आली होती.

"ब्लँटनला होतात म्हणजे आमच्या ओझेलाला ओळखत असाल की," व्हर्डेल म्हणाली. "ओझेला रेनी. तुमच्याच मागेपुढे असणार."

थॉमसिनाने चहा ढवळला. साखर कधीच विरघळली होती, तरी ढवळला.

"कॉलेज मोठं होतं," ती म्हणाली.

ब्लँटन मोठं होतं! व्हर्डेलने केकचा घास मुकाट्याने गिळला. ओझेला नेहमी सांगायची, ब्लँटनमध्ये एका टोकाला शिंक आली की दुसऱ्या टोकाचा माणूस 'देव भलं करो' म्हणायचा. आता व्हर्डेलची खात्री पटली.

ओझेलाचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि ती घरीच खिडकीजवळच्या पलंगावर नाकात प्राणवायूची नळी घालून पडून असायची. व्हर्डेल रोज संध्याकाळी कोंबडीचं सूप घेऊन जायची आणि रोज भांडून यायची. दोघींना त्याशिवाय चैन पडत नसे.

"आज मीठ घातलंयस का, की कालसारखं देवावर सोडलंयस?" ओझेलाने विचारलं.

"तुला मीठ वर्ज्य आहे."

"मला आता जगणंच वर्ज्य आहे. मीठ घाल."

व्हर्डेलने चिमूटभर घातलं आणि खुर्ची पुढे ओढली. "ऐक. ती थॉमसिना खोटी आहे."

"कोण थॉमसिना?"

"सांगितलं नव्हतं का, ब्लँटनची म्हणवते ती! आज तिने कड पुसली."

ओझेलाने चमचा खाली ठेवला. मग ती हसायला लागली, हसता हसता खोकला आला, आणि व्हर्डेलला तिची पाठ धरून बसावं लागलं.

"तू पोलिसात जायला हवं होतंस," श्वास परत आल्यावर ओझेला म्हणाली. "सोड तिला."

"सोडू? अगं, तुझ्या कॉलेजचं नाव सांगून मिरवतेय ती. तू एकदा तिला भेट. दोन प्रश्न विचार. जागच्या जागी उघडी पडेल."

"नको. माझं तोंड बघण्यासारखं राहिलंय का? बरी झाले की बघू." ती बरी होणार नाही हे दोघींना माहीत होतं. "आणि आल्यापासून तिने कामात काही कमी केलंय का? म्हाताऱ्यांना मतदानाला गाडीतून नेते, असं तूच म्हणालीस."

"काम तर चर्चचा रखवालदारही करतो. म्हणून तो भगिनी होतो का?"

ओझेलाने तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर पेकानच्या झाडाखाली एक खार उगाच उकरत होती, तिच्याकडे ती बघत राहिली. उरलेलं सूप तिने घेतलं नाही. दमली असेल, असं म्हणून व्हर्डेलने वाटी उचलली.

ओझेलासाठी व्हर्डेल जीव टाकायची, त्याला कारण होतं. कॉलेजात असताना व्हर्डेलने मंडळात यायला अर्ज केला होता. तिची आई लोकांचे कपडे धुवायची, आणि त्या मंडळातल्या एकीच्या घरचेही धुवायची. व्हर्डेलला नकार आला. कारण कुणी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. पुढे ती अल्बनीत शिकवायला लागली, तेव्हा ओझेला स्वतः तिच्या शाळेत आली, मधल्या सुट्टीत वर्गात बाकावर बसली आणि म्हणाली, "आमच्या शाखेत ये. मी तुझा हात धरते." आणि तिने धरला. त्या दिवसापासून व्हर्डेल मंडळाच्या दारावरची राखणदार होऊन बसली होती. इतक्या कष्टाने मिळालेल्या घरात कुणी फुकट शिरतंय, हे तिला बघवत नसे.

रविवारी दुपारी अध्यक्षीणबाई आल्फ्रेडा टूम्ब्सच्या दिवाणखान्यात सभा होती. शाळेच्या मुलांना बूट वाटायचा विषय संपला, आणि व्हर्डेल उभी राहिली.

"भगिनी थॉमसिना, आपल्या रीतीप्रमाणे विचारते, राग मानू नका. भगिनी कुठे झालात? कुणाच्या हाताखाली? रांगेत कितव्या?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. हा प्रश्न परक्या गावच्या बाईला दारात विचारतात, महिनोन् महिने बरोबर राबलेल्या बाईला भर सभेत नाही. नव्या मुलींना उंचीप्रमाणे रांगेत उभं करतात, आणि ती रांग, तो क्रमांक जन्मभर सुटत नाही.

थॉमसिना सावकाश उठली. तिने जागा सांगितली, शिकवणाऱ्या बाईचं नाव सांगितलं, रांगेचं नाव सांगितलं. "तिसरी," ती म्हणाली. मग त्या सत्तरीच्या बाईने मान ताठ करून रांगेचं गाणं म्हटलं, एका दमात, पायाच्या ठेक्यासकट. आल्फ्रेडाने नकळत टाळीचा ठेका धरला होता.

पण व्हर्डेल हटणाऱ्यातली नव्हती. गाणं काय, कुणाकडूनही शिकता येतं.

"छान. आणि ओगराळं?"

थॉमसिनाने आल्फ्रेडाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या ओझेलाच्या फोटोकडे.

"ओगराळ्याबद्दल मला काही सांगायचं नाही."

"म्हणजे माहीत नाही."

"म्हणजे सांगायचं नाही."

बायकांत कुजबुज सुरू झाली. आल्फ्रेडाने घाईघाईने सभा संपवून चहा मागवला. थॉमसिना चहाला थांबली नाही. व्हर्डेल तिच्यामागोमाग अंगणात गेली आणि तिच्या गाडीच्या दारावर हात ठेवून उभी राहिली.

"आता आपण दोघीच आहोत. बोला."

"व्हर्डेल, घरी जा. ऐक माझं."

"घाबरलात?"

"हो," थॉमसिना म्हणाली. "तुझ्यासाठी." आणि मग तिने सांगितलं. ब्लँटनला ओगराळं नव्हतं. कधीच नव्हतं. तिथली शाखा एवढीशी होती की सगळ्या जणी एका मोटारीत मावायच्या, कॉलेज मोठं होतं हे ती फक्त व्हर्डेलला टाळायला म्हणाली होती. "माझ्या आधीच्या, नंतरच्या सगळ्या मुलींची नावं मला पाठ आहेत. ओझेला त्यांच्यात नाही."

"खोटं!"

"पहिल्याच सभेत तो फोटो पाहिला, खाली ब्लँटन लिहिलेलं. मलाही तुझ्यासारखीच शंका आली. म्हटलं, उद्याच आल्फ्रेडाच्या कानावर घालते. मग मतदानासाठी म्हाताऱ्यांना गाडीतून न्यायला लागले. जो बसेल तो ओझेलाचं बोलायचा. ओझेलाने माझ्या आईच्या जखमा धुतल्या, ओझेलाने माझ्या पोराला तुरुंगातून घरी आणलं. मी कुठल्या तोंडाने बोलणार होते?"

"मग एकदाही तिला भेटायला का नाही गेलीस?"

"तिला वाटलं असतं, पकडायला आले."

व्हर्डेलने गाडीवरचा हात काढला. ही बाई खोटं बोलतेय, असं तिला अजूनही वाटत होतं, निदान तसं वाटावं म्हणून ती धडपडत होती. पण ओझेलाने खिडकीकडे वळवलेलं तोंड आठवलं. ती तशीच, पर्स आल्फ्रेडाच्या सोफ्यावर विसरून, ओझेलाच्या घरी गेली.

"सांग," ती पलंगाशी उभी राहून म्हणाली. "ती थॉमसिना खोटं बोलतेय, एवढंच सांग. मी लगेच जाते."

ओझेलाने तिच्याकडे पाहिलं. "बस," ती म्हणाली.

"बसत नाही."

"मग उभ्याने ऐक. खोटं नाही ते."

व्हर्डेल बसली.

"मी ब्लँटनमध्ये पाऊलसुद्धा टाकलेलं नाही," ओझेला म्हणाली. थांबत थांबत, नळीतून श्वास घेत तिने सांगितलं. "आम्ही ब्लँटनच्या पलीकडे कापसाच्या रानात राहायचो. त्या बायका गाडी घेऊन आल्या, तेव्हा मी एवढीशी होते. दंडाला सुई टोचून झाली, मी रडले नाही. मग त्यांना तहान लागली. दुकानदाराने पाणी नाकारलं होतं. माझ्या आईने ओगराळं भरलं. आमच्याकडे ते एकच होतं, घरातले सगळे त्यातूनच प्यायचो. मी ओसरीवर उभी राहून बघत होते. हॅट घातलेल्या, हातमोज्यांच्या बायका. मला वाटलं, आता या कड पुसणार. आमच्या मालकिणीने तर आम्ही प्यायलेला पेला फोडून टाकला असता. मी डोळ्यांची पापणी लववली नाही, व्हर्डेल. एकीनेही पुसली नाही. त्या दिवशी ठरवलं, मोठी झाले की या बायकांतली एक व्हायचं."

"मग व्हायचं होतंस! खोटं कशाला बोललीस?"

"कॉलेजला पाठवायला कोण बसलं होतं? नर्सिंग शिकले, इथे आले, चर्चमध्ये रक्तदाब तपासायला मदत करायला लागले. आल्फ्रेडाच्या आईने माझं काम पाहिलं आणि विचारलं, तू कुठल्या शाखेची गं? तिला वाटलं मी त्यांच्यातलीच. माझ्या तोंडून गेलं, ब्लँटन. एकच शब्द. मग परत फिरायला वाटच नव्हती. पदवी पुढे इथे संध्याकाळचे वर्ग करून घेतली, तोवर मी मंडळाचा इतिहास शिकवत होते."

व्हर्डेल उठली. "माझा हात धरून मला आत घेतलंस तू. आत म्हणजे कुठे गं? तूच बाहेर होतीस!"

"तुला सगळ्यांनी मिळून घेतलं. तू खरी आहेस. मी नुसता हात धरला होता."

"आणि ही ओगराळ्याची गोष्ट तरी खरी कशावरून? तीही अशीच तोंडून गेली असेल!"

हे ओझेलाला लागलं. ती हळूच म्हणाली, "मेल्यावर पांढरे कपडे घालून माझ्याभोवती उभ्या राहू नका. तो मान भगिनीचा असतो. मला तो चोरून नको."

राग होताच, पण व्हर्डेलला ते ऐकवेना. ओझेलाला परक्या बाईसारखं पुरायचं? सगळं अल्बनी विचारेल, का? "थॉमसिना आणि मी," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "दोघी मिळून तुला भगिनी करून घ्यायचा विधी इथेच करून टाकतो. कुणाला कळणार नाही."

"पुन्हा मागच्या दाराने?" ओझेला म्हणाली. "नको. सभेत माझं नाव मांड. नव्या मुलीचं मांडतात तसं. सगळं खरं सांग. नको म्हणाल्या तर नको. आणि मला वाटतं, पहिली नको म्हणणारी तूच असशील."

व्हर्डेल तशीच बाहेर पडली.

पुढचे काही दिवस ती सूप घेऊन गेली नाही. शेजारणीच्या हाती पाठवलं, मीठ न घालता. घरात बसून तिने इतक्या वर्षांची एकेक आठवण काढली आणि खोट्या नाण्यासारखी दाताखाली चावून पाहिली. ओझेला रडली होती ते खरं होतं का? हसली होती ते? शेवटी तिने थॉमसिनाला बोलावलं, कारण दुसऱ्या कुणाशी हे बोलताच येत नव्हतं. कालपर्यंत जिच्यावर पाळत ठेवली, तिलाच स्वयंपाकघरात बसवून व्हर्डेलने ओझेलाची गोष्ट सांगितली आणि विचारलं, "तुला खरं वाटतं हे?"

थॉमसिनाने पर्समधून रुमाल काढला.

"आम्हाला शिकवणाऱ्या बाई त्या गाडीत असायच्या," ती म्हणाली. "मिस लुटीशिया. फार टापटिपीच्या, दाराच्या मुठीलासुद्धा रुमालाशिवाय हात लावायच्या नाहीत. माझी ही रुमालाची सवय त्यांचीच. त्या एकदा हसत हसत म्हणाल्या होत्या, कुठल्याशा घरी पाणी दिलं, मी रुमाल काढला होता, पण ओसरीवर एक पोरगी उभी होती. अशी टक लावून बघत होती की माझी हिंमत झाली नाही. रुमाल तसाच परत ठेवला, डोळे मिटले आणि प्यायले."

व्हर्डेलला हसू आलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली. थॉमसिनाने तिला रडू दिलं, आणि उठून चहाचं आधण ठेवलं.

पुढच्या सभेत नव्या नावांचा विषय निघाला. व्हर्डेल उभी राहिली आणि म्हणाली, "ओझेला रेनी."

"शुद्धीवर आहेस ना?" आल्फ्रेडा म्हणाली.

व्हर्डेलने सगळं सांगितलं. काही झाकलं नाही, 'काम तर रखवालदारही करतो' हे स्वतःचं बोलणंसुद्धा नाही. मग जो गलका झाला तो विचारू नका. आल्फ्रेडाला आपल्या आईचा अपमान झाल्यासारखं वाटलं. मंडळातल्या तरुण डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या. "मला इतिहास तिने शिकवला! चुकले की पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायची. आणि स्वतः?" एकजण म्हणाली, मरणाऱ्या बाईला आता कशाला त्रास द्यायचा, जाऊ द्या. दुसरी म्हणाली, म्हणूनच जाऊ द्यायचं नाही. थॉमसिनाने एवढंच सांगितलं की ब्लँटनच्या वतीने तिची काही तक्रार नाही.

शेवटी आल्फ्रेडाने हात वर केला आणि सगळ्यांनी माना खाली घालून डोळे मिटले. मंडळाची मत घ्यायची रीत अशी आहे. ज्या बाईची हरकत असेल तिने खुर्चीच्या लाकडावर बोटाने टकटक करायची. कुणी केली ते कुणी बघायचं नाही, कधी विचारायचं नाही. एक टकटक झाली की नाव गेलं.

व्हर्डेलने आजवर जितक्या वेळा टकटक केली होती, तितकी दुसऱ्या कुणी केली नसेल. तिचं बोट खुर्चीच्या दांडीवर होतं. राग गेलेला नव्हता. तिला हेही कळत होतं की आपण टकटक केली तर कुणाला नवल वाटणार नाही, ओझेलालाही नाही. आणि आपण केली नाही तरी दुसरी कुणी करेलच. ती कान देऊन बसली. डॉक्टरीणबाईंचं कांकण वाजलं. नुसता हात हलला होता. कुणीतरी नाक ओढलं. आल्फ्रेडाच्या खुर्चीची कुरकुर झाली. व्हर्डेलला सगळ्यांचा संशय येत होता, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या बोटाचा. तिने दुसऱ्या हाताने ते घट्ट धरून ठेवलं.

बराच वेळ गेला.

"व्हर्डेल," आल्फ्रेडा दबक्या आवाजात म्हणाली, "तू काही..."

"डोळे मिट, आल्फ्रेडा."

टकटक झाली नाही.

दुसऱ्याच दिवशी दुपारी त्या सगळ्या पांढरे कपडे घालून ओझेलाच्या घरी गेल्या. डॉक्टरीणबाईसुद्धा आल्या, तोंड फुगवून, पण इस्त्रीचा पांढरा झगा घालून आल्या. आणि तिच्या खोलीबाहेरच्या बोळात येऊन सगळ्या अडल्या. विधीत नवी मुलगी बंद दाराबाहेर एकटी उभी राहते आणि दार ठोठावते. आतून भगिनी विचारतात, कोण आहे, कशासाठी आलीस. ती म्हणते, मी एकटी आहे, मला आत घ्या. मग दार उघडतं. ओझेलाला तर पलंगावरून पाय खाली टेकवता येत नव्हता.

"चाकांच्या खुर्चीत बसवून बाहेर आणू या," आल्फ्रेडा म्हणाली.

"नळी पुरायची नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग दार ठोठावल्याचं धरून चालू."

"धरून चालायचं नाही," व्हर्डेल म्हणाली. "या विधीत तरी नाही." तिने खोलीत डोकावून पाहिलं. ओझेला उशांना टेकून बसली होती. केस विंचरलेले, हात मांडीवर, आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलीची भीती. या बायकांनी आत येऊन शेवटी नाही म्हटलं तर, हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. तिला अजून खात्री नव्हती. व्हर्डेलने बाहेरून दार ओढून बंद केलं.

"आपणच बाहेर थांबू," ती म्हणाली. आणि तिने दार ठोठावलं.

आतून आवाज आला नाही. आल्फ्रेडाने व्हर्डेलची बाही धरली. व्हर्डेलच्या मनात नको ते आलं. तिने पुन्हा ठोठावलं.

"कोण आहे?"

आवाज बारीक होता, पण ढब तीच, जिने नव्या मुलींच्या कितीतरी रांगांना घाम फोडला होता. डॉक्टरीणबाई आपोआप ताठ उभ्या राहिल्या.

"आम्ही आहोत," व्हर्डेल म्हणाली. "आम्ही सगळ्या."

"कशासाठी आलात?"

विधीतलं उत्तर एकटीचं होतं, ते इथे लागू पडत नव्हतं. व्हर्डेलने कपाळ दाराला टेकवलं.

"ओझेला, आम्हाला आत घे."

आत पलंगाची कुरकुर झाली, आणि ओझेला म्हणाली, "थांबा जरा. विचार करते."

आणि अल्बनीच्या भगिनी मंडळातल्या सगळ्या बायका पांढऱ्या कपड्यांत, त्या अरुंद बोळात, एकमेकींना चिकटून थांबून राहिल्या.